लाँचला कूलरचा पंखा

नागपुरात समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरी गेली दोन वर्षं ते मला कोणी ना कोणी सांगतंच आहे. भाजीवाला सांगतो, आयटीआयमध्ये मी शिकवते ती पोरं सांगतात. शहराच्या कडेला, बेसाला, भावाच्या रिकाम्या प्लॉटवर आमची जुनी लाँच ट्रकच्या टायरांवर टेकवून ठेवली होती, तेव्हा तर रोज जत्रा असायची. येणारा माणूस लाँचभोवती एक चक्कर मारायचा, तिच्या पोटावर दोन थापा मारायचा आणि मोठा शोध लागल्यासारखा म्हणायचा, "पण ताई, नागपुरात समुद्र कुठी आहे?" धरणात पाणी असतं आणि पाण्यावर लाँच चालते, एवढं तरी लोकांना ठाऊक असावं अशी माझी अपेक्षा होती. ती मी सोडली.

ही लाँच धरणातलीच. शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर एक धरण आहे, तिथे माझे वडील सरकारी लाँचचे ड्रायव्हर होते. आठवडाभर साहेबांची पाहणी, आणि रविवारी साहेबांच्या घरच्यांची आणि पाहुण्यांची सैर. लाँचला छोटी केबिन होती, केबिनमध्ये गाद्या आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. रविवारच्या पाहुण्यांसाठी माझी आई पहाटे उठून वांगी भाजायची, कणकेचे रोडगे करायची. भरताचं पातेलं फडक्यात बांधून ती काठापर्यंत आणायची. पातेलं लाँचमध्ये जायचं. आई काठावर राहायची, आणि तिचा पदर धरून मी आणि माझा धाकटा भाऊ. लाँच लांबच्या टेकडीमागे जाऊन परत येईपर्यंत आम्ही बाभळीखाली बसून राहायचो.

"आपण काहून नाही बसत?" मी विचारायचे.

"खात्याचा नियम आहे बाई. घरच्याइले बसवता येत नाही," बाबा सांगायचे.

त्या नियमाचा मला लहानपणापासून राग आहे. आईच्या हातचं भरीत बसू शकतं आणि आई बसू शकत नाही, हा कुठला नियम? साहेबांची बायको उतरताना आईला म्हणायची, "भरीत छान होतं हं." आई हसायची आणि रिकामं पातेलं घ्यायची. मी मात्र घरी येईपर्यंत धुसफुसत असायचे. मोठी झाले, डिझेल मेकॅनिकचं शिकले, तेच शिकवायला लागले, तरी हा राग जागचा हलला नाही.

बाबा निवृत्त झाले. पुढे लाँचही निकामी ठरली आणि कित्येक वर्षं काठावर उन्हात पडून राहिली. शेवटी भंगारात लिलावाला निघाली, तेव्हा बाबांनी ती घरात कुणालाही न विचारता घेतली. भाऊ ओरडला, भावजय ओरडली, शेजारचे हसले. मी ओरडले नाही. मी सरळ सांगितलं, की ही लाँच मी दुरुस्त करणार आणि आईला त्या केबिनमध्ये बसवणार.

"माह्या गुडघ्याइले इचार आधी," आई म्हणाली.

ते विचारायलाच हवं होतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, ती पुढच्या वर्षी म्हणते. काठावरून लाँचमध्ये चढायची पायरी उंच आहे. शिवाय धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर धक्क्याला लागतं ते हिवाळाभर टिकतं, आणि होळीनंतर धक्क्याखाली नुसता गाळ उरतो. त्या गाळातून आईला चालवत नेणं शक्य नव्हतं. म्हणजे एक हिवाळा हुकला की आणखी एक वर्ष, आणि दर वर्षी तिचा पाय थोडा कमीच उचलला जात होता.

मी दर रविवारी सक्करदऱ्याहून स्कूटरने बेसाला जायचे आणि इंजिनाला भिडायचे. इंजिन जुनं होतं, पण मोडीत काढण्यासारखं नव्हतं. हेड उघडलं, व्हॉल्व्ह घासले, नोझल तपासून घेतले, पाण्याचा पंप बदलला. सगळी वायरिंग उंदरांनी खाल्ली होती, ती नवीन टाकली. लाँचच्या तळातून पंख्याचा दांडा बाहेर पाण्यात जातो, तिथे चरबी लावलेल्या दोरीचं पॅकिंग असतं. ते असं आवळायचं, की लाँच चालताना त्यातून पाण्याचा एखाददुसरा थेंब येत राहील. त्या थेंबानेच दांडा थंड राहतो. हे मी भावाला समजावून सांगितलं होतं. पुढे लाँच पाण्यात उतरल्यावर त्याने काय केलं? "ताई, गळून राहिली ना!" म्हणत पाना घेऊन सगळं गच्च आवळून टाकलं. दांडा हात लावता येणार नाही इतका तापला. मी बोलले तर म्हणे, "गळती बंद केली, त्याचंही वाईट वाटते का तुले?"

माझा भाऊ कूलर बनवतो, हे आता सांगायला हवं. आणि आमच्या नागपुरात कूलर हे काय प्रकरण आहे, हेही. इथे प्रत्येक घरात एक कूलरतज्ज्ञ असतो. टाकीला कुठला रंग, पंपाला कुठली जाळी, वाळा नवा की मागच्याच वर्षीचा चालेल, पात्याला किती बाक, यावर इथली माणसं तासन् तास बोलू शकतात. आपल्या कूलरची हवा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उडवते, हे सांगताना त्यांची छाती फुगते. माझी त्याला हरकत नाही. उन्हाळा आम्हालाच काढायचा असतो. पण लाँचला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या जुन्या पंख्याची पाती झिजली होती, एक पातं पाण्याखालच्या खुंटाला आपटून वाकलं होतं, आणि नवीन पंखा घ्यायचा विषय निघाला मात्र, ही सगळी फौज बेसाच्या प्लॉटवर हजर झाली.

"मोठा टाका. जेवढं पातं मोठं, तेवढी फेक जास्त."

"पात्याले जरा जास्त बाक द्या, मंग पाहा."

अरे, ही हवा आहे का! मी खडू घेऊन लाँचच्या अंगावरच आकृती काढून दाखवली. पाण्यातला पंखा स्क्रूसारखा पाण्यात घुसत जातो. एका फेऱ्यात तो किती पुढे घुसू पाहतो, त्याला पिच म्हणतात. पिच जास्त घेतला आणि पातंही मोठं घेतलं, तर इंजिनाला ते ओढवत नाही. टॉप गिअरमध्ये स्कूटर चढावर घालावी, तसं होतं. आपली लाँच जड आहे, इंजिन लहान आहे, धरणात कुठे पोचायची घाई नाही. आपल्याला जरा लहान व्यासाचा, कमी पिचचा, रुंद पात्यांचा पंखा हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीही डोलावली. आणि पुढच्या रविवारी भावाने किनाऱ्यावरच्या कुठल्याशा दुकानातून मागवलेला, जुन्यापेक्षा मोठा आणि जास्त पिचचा पितळी पंखा माझ्यासमोर ठेवला. धरमपेठेतल्या पैसेवाल्या पोरांना वाढदिवसाला लाँच भाड्याने द्यायचा त्याचा बेत होता, त्यांना म्हणे वेग लागतो.

मी बाबांकडे पाहिलं.

"त्याचं ऐक ना वं. तो पंख्याच्या धंद्यात आहे," बाबा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी पोरांना डिझेल इंजिन शिकवते आहे. माझ्या हाताखालून गेलेली पोरं खाणींतल्या मोठ्या यंत्रांवर काम करतात. आणि माझ्या घरात माझ्यापेक्षा कूलरवाल्याचा शब्द मोठा, कारण तो मुलगा आहे! हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. भाऊ म्हणाला, "ताई, प्रत्येक गोष्टीत ते नको आणत जाऊ." पंखा मात्र त्याचाच बसला.

धरणावर लाँच उतरवायची परवानगी मिळून क्रेन आणि ट्रक ठरेपर्यंत हिवाळा सरत आला होता. त्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. आधी रिकामी चक्कर मारून बघू, मग आईला घेऊ, असं ठरलं. धक्क्यापासून थोडं पुढे गेलो आणि भावाने थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. इंजिनाला आपले फेरे गाठताच येईनात. ते कण्हायला लागलं, मागून काळाकुट्ट धूर निघाला, तळ थरथरू लागला, तापमानाचा काटा लालमध्ये गेला. कसेबसे काठाला आलो. आई धक्क्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होती, धुरामुळे नाकाला पदर लावून.

"इंजिनच कमजोर आहे," भाऊ म्हणाला. "मोठं टाकावं लागन."

मी त्याला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. आईला हात देऊन उठवलं आणि गाडीत बसवलं. या वेळी कुठला नियम आडवा आला नव्हता, तरी ती काठावरच राहिली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

लाँच काठावर ओढून ठेवली. मग उन्हं तापायला लागली, भावाच्या दुकानात कूलरच्या ऑर्डरी येऊन पडल्या आणि त्याला मान वर करायला फुरसत राहिली नाही. मी वाटच पाहत होते. इंजिनाचे फेरे, गिअरमध्ये ते किती कमी होतात, लाँचचं वजन, सगळं मांडून मी मला हवा तो पंखा मागवला. धरणावर जाऊन एका वेल्डरच्या मदतीने भावाचा पंखा खेचून काढला, नवा चढवला, दांडा सरळ रेषेत आहे ना ते तपासलं, पॅकिंग हवं तेवढंच आवळलं. पाण्यात घातल्यावर इंजिनाने आपले फेरे अगदी आरामात गाठले. धूर नाही, थरथर नाही. लाँचवर मी एकटीच होते, आणि मोठ्याने हसले.

होळीच्या आधी आईला नेलं. पाणी उतरलं होतं, पण धक्का अजून सोडला नव्हता. भाऊ दुकान बंद ठेवून आला, एवढं त्याचं मान्य करते. मी पुढून आणि त्याने मागून धरून आईला पायरीवरून आत घेतलं. ती केबिनमध्ये खिडकीशी बसली. बाबा सुकाणूच्या चाकाशी उभे राहिले, पाठ ताठ करून, साहेबांना नेताना राहायचे तसेच.

लाँच निघाली. आई बराच वेळ बाहेर बघत होती. टेकडी जवळ आली, तेव्हा ती बाबांच्या पाठीकडे बघून म्हणाली, "अवो, तो दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर होता ना, त्याची बायको बसून आली होती यात."

बाबांनी वाकून तापमानाचा काटा पाहिला.

"तिनंच सांगतलं मले. त्यानं साहेबाले इचारलं, साहेब म्हणे बसव."

मी बाबांकडे बघायला लागले. ज्या नियमावर मी जन्मभर चिडत आले, तो कुठे लिहिलेला तरी होता का?

"तुमी इचारलं होतं का कवा?" आईने विचारलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

बाबांनी चाक थोडं वळवलं, उगाच. मग म्हणाले, "नाही."

"एकाही साहेबाले?"

"इचारलं असतं अन् तो नाही म्हणला असता तर?"

"तर काठावर राहिली असती," आई म्हणाली. "तशीबी काठावरच होती ना मी."

मला बाबांवर ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. भाऊ इंजिनाकडे बघत होता. टेकडीला वळसा घालून आम्ही परत आलो, धक्का समोर दिसायला लागला आणि बाबांनी सवयीने इंजिन मंद केलं.

"थांबू नका," आई म्हणाली. "मी सांगीन तवा थांबा."

बाबांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही. चाक फिरवलं आणि लाँच पुन्हा मोकळ्या पाण्यात घेतली.