दुमडीतला घोडा

नगरच्या आमच्या लहानशा संग्रहालयात माझं निम्मं काम पत्रं लिहिण्याचं. ज्यांच्या घरी जुनी चित्रं आहेत त्यांच्याकडे ती गोड शब्दांत मागायची, आणि त्यांनी नाही म्हटलं की आणखी गोड लिहायचं. माझा स्वभाव मुळात गोड नाही, त्यामुळे हे काम मला जड जातं.

सगळ्यांत जड गेले ते पारनेर तालुक्यातले दोन भाऊ. थोरला शेती करायचा, धाकट्याचं खताबियाण्याचं दुकान. चित्रं जमवायचा नाद दोघांनाही वडिलांकडून लागलेला. आठवडे बाजारातून, भंगारवाल्यांकडून त्यांनी काचेवरची चित्रं, गंजिफांचे पत्ते असं बरंच काही गोळा केलं होतं. घरं समोरासमोर, पण बोलणं बंद. जे सांगायचं ते मला पत्रातून. मोबाईल दोघांकडेही होता. पण बांधाच्या भांडणांत मुरलेली माणसं, त्यांना कागदच लागायचा. माझी उत्तरं एकच पोस्टमन दोन्ही दारांत टाकायचा.

भांडण होतं एका पटाचं. कापडावर रंगवलेली घोडेस्वारांची लांबलचक मिरवणूक. वाटणीत रीत अशी, की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. भांडी झाली, जनावरं झाली, शेवटी वडिलांचा हा पट उरला. कुणावर अन्याय नको म्हणून थोरल्याने तो मधोमध कापला. कात्री नेमकी मधल्या पांढऱ्या घोड्याच्या मानेतून गेली. पस्तावले दोघंही. पण "कापला त्यानं," असं धाकटा लिहायचा आणि "उचलला त्यानं," असं थोरला.

मी दोघांना विनवायचो, आपापला अर्धा द्या, मी जोडून लावतो. उत्तरही दोघांचं एकच, आधी त्याचा येऊ द्या. एकदा चिडून मी लिहिलं, की मी संग्रहालय चालवतो, तंटामुक्ती समिती नव्हे. त्यावर दोघांनीही मला कळवलं, की हे त्याला सांगा.

मग थोरल्याचं पत्र आलं. अक्षर कापरं होतं आणि सोबत त्याचा अर्धा पट. "डॉक्टरनं हात टेकले. तो घोडा एकदा आख्खा बघायचाय. त्याला म्हनावं, पाया पडतो." इतक्या वर्षांत 'आधी' कुणीतरी केलं होतं. मी ते पत्र जसंच्या तसं धाकट्याला पाठवलं. उत्तर आलं नाही. फोन केला तर उचलला नाही. मला संताप आला.

तो आला, पण भावाचा दहावा उरकल्यावर. काखेत गोणपाटात गुंडाळलेला अर्धा पट.

"दादा पाया पडतो म्हनला," तो म्हणाला, "मला लाज वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ करत ऱ्हायलो."

मी त्याच्या हातून गोणपाट घेऊन सोडलं. मी दोन्ही अर्धे टेबलावर मांडले. जुळेनात. घोड्याची मान दोन बोटं कमी पडत होती. कडा उलटून पाहिल्या तेव्हा कळलं. दोरे निघू नयेत म्हणून दोन्ही कापलेल्या कडा आत दुमडून हाताने शिवल्या होत्या. मान त्या दुमडीत होती. टाका दोन्हीकडे तोच, बारीक आणि तिरका.

"आईचा हात हाय," तो म्हणाला. "वाटनी झाली त्याच दिशी शिवला. आधी दादाचा, मग माझा."

मी उसवायला लहान कात्री घेतली. थोडे टाके काढले असते तर घोडा पुरा झाला असता. इतकी पत्रं लिहिल्यावर तो पाहायचा माझा हक्कच आहे, असं मला वाटत होतं. त्याने माझं मनगट धरलं.

"नगं सायेब. दादाला दिसला न्हाई. मग मला बी नगं."

वाद घालणं हा माझा धर्म. त्या दिवशी मला रडू आलं आणि मी कात्री खाली ठेवली.

पट तसाच लावलाय, दोन अर्ध्यांमध्ये मानेपुरती फट सोडून. घोड्याच्या मानेच्या जागी मागची भिंत दिसते.