कपाळाचा ठराव

नवऱ्याला नेलं आणि बायका माझ्याभोवती जमल्या, तेव्हा मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले. चुलत नणंद म्हणाली, "वैनी, हात द्या." मी म्हणाले, "देत न्हाई." दोघीतिघींनी दंड धरून ओढून पाहिलं. कांद्याच्या गोण्या उचलणारे हात आहेत माझे, ते काही सुटले नाहीत. शेवटी भिंतीला टेकून बसलेली माझी सासू, जिचा मुलगा नुकताच गेला होता, एवढंच बोलली, "ऱ्हाऊ द्या तिला." त्या दिवशी माझ्या बांगड्या वाचल्या आणि टिकलीही वाचली.

मंगळसूत्र मात्र मी त्याच्या कितीतरी आधी सोडलं होतं, नवरा धडधाकट असताना. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की त्याचा पट्टा मंगळसूत्रात अडकायचा, म्हणून ते डब्यात गेलं ते गेलंच. नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. तो गेल्यावर मात्र गावाला माझा उलगडा होईना. टिकली आहे, बांगड्या आहेत आणि गळा मोकळा. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. लग्नात हळद लावायला मला कुणी पुढे करेना. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण वाईट वाटतं म्हणून टिकली काढायची, हे मला कधी पटलं नाही.

पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव निघाली. हिच्या मागे पुरुष नाही, सांगू तिथे सही करील, अशा विचाराने गावातल्या पुढाऱ्यांनी मला उभं केलं. मी निवडून आले आणि पहिल्याच सभेत म्हणाले, वाचल्याशिवाय सही करणार नाही. तेव्हापासून सभा अर्धा तास लांबते आणि माझा चहा सगळ्यात शेवटी येतो.

अशात एक दिवस सरपंच मोटारसायकलवरून घरी आले. तिशीतला पोरगा, कामाला वाघ, फक्त फोटोचा भारी शौकीन. शासनाचं परिपत्रक आलं होतं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद व्हाव्यात आणि त्यासाठी ग्रामपंचायतींनी पुढाकार घ्यावा, असं त्यात होतं.

"वैनी, ठरावाला सूचक तुमी," सरपंच म्हणाले. "तुमच्याबिगर शोभत न्हाई."

मला आनंद झाला. पदराखाली घट्ट धरलेल्या हातांची गावाने इतक्या दिवसांनी का होईना दखल घेतली, असं वाटलं. मी लगेच हो म्हणाले. वाचल्याशिवाय सही न करणारी मी, त्या दिवशी न वाचताच शब्द देऊन बसले.

ठरावाचा मसुदा दोन दिवसांनी हातात आला. ग्रामसेवकांना आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनीच तो सुवाच्य अक्षरात लिहिला होता. पहिला भाग चांगला होता. कुणी कुणाचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत. मग पुढे होतं: गावातील सर्व विधवा महिलांनी कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या व जोडवी पूर्वीप्रमाणे धारण करावीत. आणि त्याच्याखाली: जे या ठरावाचे पालन करणार नाहीत त्यांना ग्रामपंचायतीकडून कोणताही दाखला देण्यात येणार नाही.

मी सरपंचांना फोन लावला. म्हटलं, "करावीत म्हंजी काय? जिला वाटंल ती करंल."

"ढिलं सोडलं की कुनी ऐकत न्हाई वैनी. संडास बांधा म्हनून किती सांगितलं लोकांना? दाखले आडवले तवाच बांधले ना?"

मी फोन ठेवला. तेव्हा दाखले अडवले म्हणून खूश झालेल्यांत मी पहिली होते. आमच्या घरी संडास होता ना. दाखला दुसऱ्याचा अडला होता.

आता अडणार होता माझ्या सासूचा. मी तिला आत्या म्हणते. आत्यांना म्हाताऱ्यांचा सरकारी पगार मिळतो आणि त्यासाठी दरवर्षी ग्रामपंचायतीचा हयातीचा दाखला जोडावा लागतो, म्हणजे माणूस जिवंत आहे असं लिहिलेला कागद. त्या पैशाला घरात कुणी हात लावत नाही. त्यातून त्या मिश्री आणतात, लेकीच्या घरी जाताना नातवंडांना खाऊ नेतात आणि गाडीचं तिकीट स्वतः काढतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात स्वतःचा पैसा आला तो या पगाराने.

आणि आत्या कुंकू लावत नाहीत.

प्रथा पाळायची म्हणून लावत नाहीत, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तसं नाही. सासरे गेले तेव्हा आत्या माझ्यापेक्षाही लहान होत्या. बायकांनी धरलं, बांगड्या फोडल्या, ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. त्यांच्या भुवयांमध्ये लहानपणी जत्रेत गोंदलेला हिरवा ठिपका आहे. एक बाई तो निघेना म्हणून पुन्हा पुन्हा घासत बसली होती. हे सांगताना आत्या हसतात, पण त्यांना ती बाई कोण हे पक्कं आठवतं. त्यानंतर त्यांनी दोन पोरं वाढवली, एकटीने बैल हाकले, माल घेऊन आळेफाट्याच्या बाजारात पुरुषांच्या रांगेत उभ्या राहिल्या. हळूहळू ते मोकळं कपाळ त्यांचं स्वतःचं झालं.

मला हे कळलं ते माझ्या आगाऊपणामुळे. माझ्या बांगड्या वाचल्यावर मला वाटलं, आता आत्यांनाही सोडवू. एका संक्रांतीला मी माझ्या पाकिटातली टिकली काढली आणि मागून जाऊन त्यांच्या कपाळाला चिकटवली. त्यांनी ती काढली आणि आरशावर लावून टाकली. मग म्हणाल्या, "तुला तुझी ठिवू दिली ना मी? मग?" मला लाज वाटली. मी क्रांती करायला गेले होते आणि ओल्या फडक्यावाल्या बाईच्या शेजारी जाऊन बसले होते.

म्हणून मसुदा वाचताना माझं डोकं फिरलं. मी भाऊसाहेबांकडे मूळ परिपत्रक मागितलं. त्यांनी आधी फाइल सापडत नाही म्हणून सांगितलं. मी बाकावर बसून राहिले, तेव्हा सापडली. परिपत्रकात जनजागृती करा, लोकांना समजावून सांगा, असंच होतं. धारण करावीत नव्हतं, दाखले बंद तर अजिबात नव्हते. ते आमच्या गावाने पदरचं घातलं होतं. वर विचारावं म्हणून मी एसटीने वरच्या कचेरीत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "ताई, ग्रामसभा सर्वोच्च. आम्ही मध्ये कसं पडणार?" सरकार म्हणतं गावाला समजावा, गाव म्हणतं सरकारनं सांगितलंय, आणि बाईचं कपाळ मध्ये सापडलेलं. गावकारभार गावाच्या हातात हवा, असं मी स्वतः भाषणात म्हणते. रस्ता कुठून न्यायचा, पाणी किती वाजता सोडायचं, हे गावानेच ठरवावं. पण माझ्या भुवयांमधली जागा काही गावठाण नाही.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात झाली. त्याला जोडूनच हळदीकुंकू ठेवलं होतं, त्यामुळे बायका कधी नव्हे इतक्या आल्या होत्या. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या आणि अंगठे होत होते. फोटोवाला आळेफाट्याहून बोलावला होता. सरपंचांनी माझं नाव पुकारलं आणि मी उठले.

म्हटलं, "कुनी पुसायचं न्हाई, फोडायचं न्हाई, एवढ्याला मी सूचक. लावायचंच, आन् न्हाई लावलं तर दाखला बंद, ह्याला माझा इरोध."

मंडपात कुजबुज झाली. सरपंच हसून म्हणाले, "वैनी, ठराव एकच हाय. आर्धा घेता येत न्हाई."

"मग सूचक दुसरा बघा."

दुसरा लगेच मिळाला. मागून कुणीतरी नेहमीप्रमाणे "मंजूर, मंजूर" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे झालं मंजूर. आमच्याकडे ठराव असेच होतात, निम्म्यांनी ऐकलेलाही नसतो. मी भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, माझा विरोध लिहा. ते म्हणाले, नंतर लिहितो. मी म्हणाले, मी थांबते. तोवर फोटो अडला. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली. ती मी वाचली आणि मगच जागेवर जाऊन बसले.

मग विधवा बायकांना ओळीने स्टेजवर बोलावलं. आत्याही गेल्या, कारण तिथे कुंकू लावणार आहेत हे आम्हा दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं, साडी वाटणार एवढंच कानावर आलं होतं. सरपंचांची बायको कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. चांगली पोरगी आहे ती, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिचं बोट कपाळाजवळ आलं आणि आत्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब गं बाय," आत्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण माईक जवळच होता. "पुसाया आल्या व्हत्या तवा मला कुनी इचारलं न्हाई. आज लावाया आलाय, आजबी कुनी इचारलं न्हाई."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. आत्या साडी न घेताच खाली उतरल्या. त्या दिवशी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो माझ्या निवडून येण्याचाही वाटला नव्हता.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्याच ओळीत वरच्या आळीतली एक कोवळी पोर उभी होती. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिने कुंकू लावून घेतलं आणि रडली. दुसऱ्या दिवसापासून ती जोडवी घालून कांदा खुरपायला येऊ लागली. तिच्या सासूला ते खपत नव्हतं, पण ठरावापुढे तिचं काही चालेना. माझ्या भांडणाने त्या पोरीला जोडवी मिळाली नसती, गावाच्या जोराने मिळाली. हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर ठरावाचा पहिला भाग मला हवा होता, आणि आजही हवा आहे.

दाखल्याची वेळ आली तेव्हा मी आत्यांना म्हणाले, तुम्ही घरी थांबा, मी भांडून आणते. त्या म्हणाल्या, "हयात मी हाय का तू?" आणि चपला घालून माझ्या पुढे निघाल्या.

पंचायतीत सरपंच आणि भाऊसाहेब दोघेही होते. आत्यांनी आधारकार्ड टेबलावर ठेवलं. भाऊसाहेब सरपंचांकडे बघू लागले. सरपंच म्हणाले, "आजी, मला तुमच्याबद्दल आदर हाय. पन ठराव सगळ्या गावाचा हाय. तुमाला सोडलं तर उद्या कुनी मानायचं न्हाई. नुसती टिकली लावून आलात तरी चालंल. आत्ता लावा, आत्ता दाखला घ्या."

मी परिपत्रकाची नक्कल पिशवीत घालूनच आणली होती. ती काढली नाही. हजेरीचं रजिस्टर कपाटावर होतं, ते उचललं आणि ग्रामसभेचं पान उघडून सरपंचांपुढे धरलं. म्हटलं, "हा बघा आत्यांचा आंगठा. ठराव करताना ह्या जित्या व्हत्या, गनपूर्तीला चालल्या. आन् दाखला देताना मेल्या व्हय?"

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, कायद्याचं आणि परिपत्रकाचं, सगळं पाठ करून आले होते. पण आत्यांनी माझ्या हातातलं रजिस्टर मिटवलं, बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढून भाऊसाहेबांच्या अगदी समोर बसल्या. मोकळं कपाळ पुढे करून त्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"बाबा, माझ्याकडं बघ," त्या म्हणाल्या. "बसले हाय, बोलते हाय, श्वास चाललाय. हयात हाय एवढंच लिव. कपाळाचं तुला कुनी इचारलं न्हाई."

भाऊसाहेबांनी सरपंचांकडे न बघता पेनचं टोपण काढलं आणि तेवढंच लिहिलं.