'मृत' ठरवलेला नियम

आमचं ऑफिस सावेडीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. काम एकच: एका साखर कारखान्याचं जुनं, अवाढव्य सॉफ्टवेअर फोडून त्याचे सुटे भाग करायचे. पद्धत अशी, की कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक खूण लिहायची: 'ठेवा', 'हलवा' किंवा 'मृत'. शनिवारी एक स्क्रिप्ट या खुणा वाचणार आणि 'मृत' असेल ते सगळं उडवणार.

बुधवारी एका तुकड्यावर 'मृत' दिसलं आणि माझं डोकं फिरलं. त्यात नियम होता: ज्या ऊसतोड टोळीत अंगावर पिणाऱ्या बाळाची आई आहे, त्या टोळीला मुक्कामाजवळचाच उसाचा फड द्यायचा. माझी तिसगावची मावशी दरवर्षी तोडीला जाते. यंदा दिवाळीनंतर तिची सूनही निघणार होती, तान्ह्या लेकराला घेऊन.

डावच हा! मी कॉलेजपासून पत्रकं लिहितेय, असले डाव मला वासावरून कळतात. ना चर्चा, ना सही. एका शब्दात बायकांचा हक्क खलास. आमचे सरही सामील असणार. सकाळी त्यांनी स्वतःहून चहाला बोलावलं होतं, तेसुद्धा मला खटकलं.

मावशीला फोन लावला.

"असं कोन करतंय गं? फड लांब पडला तर पोरीनं लेकराला पाजायचं कवा?"

मी लॅपटॉप सरांच्या टेबलावर आपटला. "हे कुणाच्या सांगण्यावरून?"

"पत्रक छापून झालं, का अजून बाकी आहे?"

"मसुदा तयार आहे."

"मग खुणेपुढचं कारण वाच आधी."

कारण होतं: 'महिनाभराच्या नोंदींत एकदाही वापर नाही.' नोंदी मे महिन्यातल्या. तेव्हा गाळप बंद, टोळ्या आपापल्या गावी. नियम चालणार कसा? शेवटी खूण करणाऱ्याची आद्याक्षरं होती. माझीच. तुकडा न उघडता, नुसती यादी बघून मी शेकड्यानं खुणा ठोकल्या होत्या.

मी 'मृत' खोडून 'ठेवा' केलं. कारण लिहिलं: 'हंगामात लागतो. काढण्याआधी तोडणाऱ्या बायांना विचारा.'

शुक्रवारी बसून एकेक 'मृत' उघडला. आधी माझे, मग सरांचे.

"अजून संशय आहे का माझ्यावर?"

"व्हय," मी म्हटलं, आणि पुढचा उघडला.