नुसतं खरं पुरत नाही

१२ मार्च. फ्रीज पुसून झाला. आता नोटीसकाकांच्या शोकसभेसाठी चार ओळी लिहायच्या आहेत. त्यांच्या मुलाचा फोन होता, "मावशी, मराठीत तुम्हीच लिहा. चांगलंच लिहा, प्लीज."

काका निवृत्त वकील आणि दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीचे कायमचे अध्यक्ष. तक्रार आली की दुरुस्ती नाही, मानहानीची नोटीस. लिफ्ट बंद आहे म्हणणाऱ्याला नोटीस, गार्ड झोपतो म्हणणाऱ्याला नोटीस. चेहरा मात्र हसरा. लिफ्टमध्ये भेटले की निकाल ऐकवायचे. "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग. बदनामीला जेल आजही आहे, ताई." त्याच कोर्टाने सरकारी अधिकाऱ्यांच्या कामावर बोलायची मोकळीक दिलीय, असं मी म्हटलं की ते म्हणत, "मी कुठे सरकारी?" आणि त्यांचा मजला यायचा.

तळमजल्यावरच्या शिंदेवहिनींचे यजमान फौजेत. मुलाला कावीळ झाली तेव्हा वहिनींनी ग्रुपवर लिहिलं, 'पाण्याची टाकी वर्षभर धुतलेली नाही.' लगेच नोटीस. प्रकरण यजमानांच्या युनिटपर्यंत जाईल या धास्तीने वहिनींनी भर सभेत माफी मागितली.

मी उठून विचारलं, "पण ते खरं असेल तर?"

"नुसतं खरं पुरत नाही, ताई. लोकहिताचंही असावं लागतं."

"मुलं आजारी पडतात, हे लोकहित नाही?"

"अच्छा, मग आधी खरं सिद्ध करा."

टाकीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. तेव्हापासून पार्कातल्या बायका वहिनींना 'अफवाह वाली भाभी' म्हणतात.

काका गेले, किल्ली कमिटीकडे आली. काल टाकी उघडली. आत वीतभर गाळ आणि कबुतराची हाडं. शिंद्यांची बदली झालीय, शनिवारी सामान जाईल. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

यावरही काकांकडे कायदा होता. मेलेल्याचीही बदनामी होते, घरच्यांना दुखवायचा हेतू असला तर. माझा तो हेतू नाही. त्यांचा मुलगा भला आहे.

शोकसभेसाठी लिहिलं, 'काकांना कायदा तोंडपाठ होता.' याहून चांगलं सुचलं नाही.

१३ मार्च. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा नोटीस बोर्डावर कागद लावला. सगळ्यांना वाचता यावा म्हणून हिंदीत. टाकी धुतलेली नव्हती, शिंदेवहिनी खरं बोलल्या होत्या, एवढंच. खाली माझं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर, नोटीस कुठे पाठवायची ते कळावं म्हणून.