‘कशावरून?’ विचारणारे दत्तोपंत

रा. रा. दत्तोपंत चिंचोलीकर यांना मी प्रथम पाहिले, ते शाळेच्या व्हरांड्यात एका पालकाच्या तावडीत सापडलेले. मी सोलापुरास संस्कृतचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. बार्शीकडचे ते गृहस्थ रागाने विचारत होते, “मास्तर, तुमी लेकरास्नी देव न्हाय म्हून शिकविता व्हय?”

“नाही हो,” दत्तोपंत म्हणाले. “‘कशावरून?’ एवढंच विचारायला शिकवतो.”

“मग त्येच लई वाईट की!”

मलाही तेव्हा त्या पालकाचेच म्हणणे पटले. पदार्थविज्ञान शिकवणारा हा मनुष्य गोड बोलून मुलांची श्रद्धा पोखरतो, अशी कुजबुज गावात होती आणि तिच्यावर माझा विश्वास बसला होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात शाळेच्या सभागृहात वाद ठरला: जगाला कर्ता हवा की नको? ‘हवा’ म्हणणारे होते वैरागचे वृद्ध नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, गुंडोशास्त्री. घट आहे त्याअर्थी कुंभार आहे, तसेच जग आहे त्याअर्थी कर्ता आहे, असे त्यांनी मांडले.

दत्तोपंतांनी विचारले, “मग त्या कर्त्याचा कर्ता कोण?”

“तो अनादि आहे.”

“अनादि काही असू शकतं, तर जगच अनादि का नसावं?”

तरुणांनी टाळ्या पिटल्या, कोणी शीळही घातली. दत्तोपंतांनी हात वर केला.

“टाळ्या पुरेत. शास्त्रीबुवांचा मुद्दा मी अडवला आहे, पाडलेला नाही. जग अनादि असलं, तरी ते मुळात का आहे, काहीच नसतं तर काय बिघडलं असतं, असं ते मला विचारू शकतात. त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही.”

सभा गार पडली. बाहेर पडताना तरुण म्हणाले, मास्तर शाळेच्या चालकांना भ्याले. भाविक म्हणाले, यात काहीतरी डाव आहे. मी भाविकांच्या बाजूचा होतो.

थोड्याच दिवसांत चालक मंडळींनी दत्तोपंतांना बोलावले. शिक्षकांच्या वतीने मी हजर होतो. अध्यक्षांनी सरळच विचारले, “ईश्वर आहे की नाही?”

“माहीत नाही.”

“ही पळवाट झाली.”

“पळवाटच हवी असती, तर ‘आहे’ म्हणालो असतो. नोकरीचा प्रश्न तिथेच मिटला असता.”

त्यांच्याविरुद्ध सांगण्यासाठी गुंडोशास्त्र्यांना आणवले होते. ते काठी टेकीत उठले. “यांनी वादात माझ्याच बाजूचा मुद्दा मला दिला, तेव्हा माझी थट्टा चालवली आहे असं वाटलं. घरी जाऊन मी तो उलटासुलटा तपासला. त्यात खोट सापडली नाही. स्वतःच्या विरुद्ध खरं बोलणाऱ्या माणसाला मुलांपासून दूर ठेवणार असाल, तर मुलांजवळ ठेवणार कोणाला?”

नोकरी राहिली. वरचा वर्ग मात्र काढून घेतला, आणि तो त्यांना पुन्हा कधीच मिळाला नाही. त्याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द मी ऐकलेला नाही.

पुढे शास्त्रीबुवांची दृष्टी गेली. तेव्हापासून शाळा सुटली की दत्तोपंत त्यांच्या ओट्यावर बसून न्यायग्रंथ वाचून दाखवतात. शास्त्रीबुवांच्या जावयांना यातही काळेबेरे दिसले. म्हाताऱ्याला शेवटी शेवटी नास्तिक करणार, म्हणून ते कितीतरी दिवस दाराआड उभे राहून ऐकत असत. त्यांच्या कानी काय पडले, तर ईश्वरसिद्धीचे प्रकरण! ते दत्तोपंत स्वच्छ आवाजात, एकही ओळ न गाळता वाचत होते. मध्येच थांबून “इथं माझी शंका आहे,” एवढे म्हणत, आणि शास्त्रीबुवा खुशीत मांडी बदलून उत्तराला सरसावत.

माझा संशय कधी फिटला, ते सांगता येत नाही. दत्तोपंतांच्या मनात खोल कुठे देव आहे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. परंतु त्यांनी सांगितलेली गोष्ट पुन्हा तपासावी, असे मला वाटेनासे झाले आहे; आणि हे कळले तर ते मला नक्कीच रागावतील.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरामय, उदंड आयुष्य लाभो, असे आम्ही सारे मागतो. कोणाकडे मागता, असे ते विचारतील. त्यावर वाद अवश्य व्हावा, आणि तो संपायला पुष्कळ वर्षे लागावीत.