मोठ्या विमानावर नवी

सात वर्षं मी पंख्यांचं छोटं विमान चालवलं, त्यातली शेवटची तीन कॅप्टन म्हणून. त्या विमानावरच्या वैमानिकांत माझा नंबर वरचा होता. कोणती फेरी, कोणती सुट्टी हवी ते दर महिन्याला लिहून द्यायचं आणि वाटप वरच्या नंबरापासून व्हायचं. मला सकाळच्या फेऱ्या मिळायच्या. संध्याकाळी मी पुण्यात घरी असायचे, आणि पिंपरी पेंढारची, म्हणजे माझ्या माहेरची, जत्रा कधी चुकली नव्हती.

मग कंपनीने विचारलं, परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानावर येणार का? तिथे सुरुवात को-पायलट म्हणूनच, पण पगार माझ्या कॅप्टनच्या पगारापेक्षा जास्त. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. नवरा म्हणाला, घरचं मी बघतो, तू तुझं ठरव.

रविवारी गावी गेले. चुलत्यांना काही पटेना. कॅप्टनची परत को-पायलट, म्हणजे खालीच आणलं की, असं त्यांचं म्हणणं. आईने पगार ऐकला आणि तिच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. वडिलांची सगळी नोकरी एसटीची बस चालवण्यात गेलेली. जेवणानंतर ते डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला निघाले, तशी मीही मागे गेले.

"नव्या गाडीवर गेलीस की यादीत तळाला," ते म्हणाले. "वरच्यांनी घेऊन उरंल ती ड्युटी. सणाला तूच."

मग त्यांनी सांगितलं की त्यांचाही नंबर एकदा लागला होता. नाशिकच्या लांबच्या गाडीला भत्ता चांगला होता, पण एक दिवसाआड मुक्काम बाहेर. त्यांनी ती सोडली आणि आळेफाटा-जुन्नरच धरून ठेवली. मला लहानपणापासून वाटत आलेलं, त्यांना लांबची गाडी कोणी दिलीच नाही.

वाईट वाटलं का, असं मी विचारलं.

"वाटायचं कदी कदी. ती गाडी समोरून आली की वाटायचं." नळीचं एक तोंड त्यांनी बोटाने मोकळं केलं. "पण माझं बघून तू ठरवू नको. मला गाडीची हौस न्हवती. तुला हाय."

मी होकार कळवला.

वडील म्हणाले होते तसंच झालं. पहिली दिवाळी परदेशातल्या हॉटेलच्या खोलीत गेली, दुसरी विमानात. लागोपाठ दोन जत्रा चुकल्या. घरी असायचे तेव्हा मुलगी शाळेतून यायच्या वेळी मी झोपलेली असायचे. आणि तरीही ते एवढं मोठं धूड जमीन सोडायचं तेव्हा मला फार आनंद व्हायचा, आजही होतो. ते लपवून काय करू?

यंदा यादीत माझ्या खाली बरेच नवे आले आणि दिवाळीचे चार दिवस मिळाले. मुलगी आधीच आजोळी आली होती. दुपारी वडील आम्हाला येडगावच्या धरणावर घेऊन गेले. तिला पाण्याची भीती वाटते, हेच माझ्या डोक्यात होतं. मी साडी वर खोचून पाण्यात उतरायच्या बेतात होते, तोवर ती सरळ आत शिरली आणि हात मारत वडिलांच्या पलीकडे गेली.

"कधी शिकली?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात," वडील म्हणाले. "आता येतंय तिला."

मी काठावर तिचा टॉवेल घेऊन बसले. ती कितीतरी वेळ पोहत होती. मी बघतेय की नाही, हे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.