पोत्यांत गुंडाळलेलं पातेलं

आमच्या घरात अन्न टाकलं जात नसे, कारण टाकायला ते उरतच नसे. वडिलांचा हात कारखान्यातल्या यंत्रात गेला तेव्हा मी तिसरीत होते. उचगावात खानावळ चालवणाऱ्या सुंदराआत्यानं आम्हाला आपल्याकडं आणलं. कामगार जेवून गेले की पातेल्याच्या तळाशी राहील ते आमचं. रस्सा शिळा असला तर आत्या म्हणायची, "उकळी आली की सगळं मरतंय. गप खा." ते खाऊनच मी वाढले आणि घरातली पहिली पदवीधर झाले.

दीड महिन्यापूर्वी आत्या गेली. फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते… हातातली काचेची बशी खाली ठेवली आणि मला ते पातेलंच आठवलं.

सतरा वर्षांपूर्वीचं. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. एका फोरमननं मुलाच्या जावळाचं, दोनशे माणसांचं मटण आत्याला सांगितलं होतं. ते नीट पार पडलं तर कारखान्याचं रोजचं जेवण तिच्याकडं येणार होतं. जावळाच्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर आदल्या संध्याकाळी शिजवलेला रस्सा त्याच मोठ्या पातेल्यात, आणि पातेलं पोत्यांत गुंडाळलेलं. ऊब राहावी म्हणून. झाकण काढलं तर असा वास सुटला की तोंडाला पाणी यावं. पातेल्याला तळहात लावला. कोमट.

"आत्या, हे वाढायचं न्हाय."

"का? मीठ कमी पडलंय व्हय?"

मी घाईघाईनं सांगितलं. काही जंतू उकळीत मरत नाहीत, कठीण कवचाचं बी होऊन बसतात. बीजाणू म्हणतात त्याला. पातेलं हळूहळू निवायला लागलं की ते बी जागं होतं आणि वाढत सुटतं. दोनशे माणसं पोट धरून बसतील.

"परत उकळी देतो की!"

"काहींचं इख उकळूनबी जात न्हाय."

"चार बुकं वाचलीस आन् मलाच शिकीवतीस? ह्याच हातांनी जगीवलंय तुला!" भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी रडकुंडीला आले. मग सुचलं ते बोलले, "मटकीला मोड आणायला तू काय करतीस?"

भिजवलेली मटकी आत्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची. तिनं पोत्यांकडं बघितलं…

"म्हंजी ह्याला मी मोड आणत बसलोय?" मग हळू आवाजात, "खात्रीनं सांगतीस?"

"न्हाय. बिघडलं नसंलबी. पण बिघडलं असंल तर वासानं कळायचं न्हाय."

बाहेर मांडवात पाहुणे यायला लागले होते. आत्यानं पदर खोचला. "धर तिकडचा कान." आम्ही दोघींनी ते पातेलं परड्यातल्या खड्ड्यात ओतलं. मग तिनं बेसन कालवायला घेतलं.

फोरमन धावत आला. "आत्या, कोल्हापुरात जावळाला पिठलं? मटणाचं आवतान दिलंय मी! पावणं शेण घालतील तोंडात!"

"माझ्या हातनं बिघडलं," आत्या म्हणाली. "शिव्या मला द्या." माझं नाव तिनं घेतलं नाही. कारखान्याचं काम दुसऱ्याला गेलं.

मी वाटीभर रस्सा बाटलीत घेतला होता, कॉलेजात तपासायला. तिनं बाटली हातातून काढून घेतली. "नको. चांगला निघाला तर मला सोसायचं न्हाय. आन् तुलाबी."

पुढच्या आठवड्यात तिनं चार उथळ पराती आणल्या. तेव्हापासून उरलेला रस्सा पातेल्यात निवू दिला नाही. परातींत पातळ पसरायचा, खाली गार पाणी ठेवायचं, निवला की लगेच फ्रीजमध्ये. परवा खानावळ आवरताना त्या पराती खाली काढल्या. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडं रीत आहे. या तिनं स्वतः घेतलेल्या, पण कडेला नाव घातलंय: 'मंगल, बी.एस्सी.' तेव्हा माझा निकालसुद्धा लागला नव्हता.

त्या जावळानंतर आत्यानं सतरा वर्षं माणसं जेवू घातली. तिच्या हातचं खाऊन एकदाही कुणाचं पोट बिघडलं नाही.